दाताच्या नवसाचे रोडगे

दाताचं काय आजारपण असतं, असं मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं त्यांची नावं मला तोंडपाठ आहेत. इथे देत नाही, कारण त्यातले निम्मे नातेवाईक आहेत आणि उरलेले माझ्यासोबत शाळेत शिकवतात. पण विसरलेली नाही.

ज्यांना उद्या-परवा त्या खुर्चीत बसायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. इम्प्लांट म्हणजे काय, तो स्क्रू कशाचा असतो, हाडात कसा बसतो, हे तुम्हाला दवाखान्याच्या भिंतीवरच्या रंगीत चित्रात दिसेल. त्या चित्रात एक बाई हसत हसत सफरचंद खात असते. त्या बाईला जे सांगायचं सुचलं नाही ते मी सांगते.

हाडाची गोष्ट

आमचं घर अकोल्यात, जठारपेठेत. खालच्या जबड्यातल्या डाव्या बाजूच्या दोन दाढा मी बऱ्याच वर्षांपूर्वी काढून टाकल्या होत्या आणि तेव्हापासून उजव्या बाजूनं चावत होते. मग उजवीकडची एक दाढ हलायला लागली, म्हणून आमच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. वाटलं, चांदी भरतील आणि सोडतील.

त्यांनी एक्स-रे काढला, कॉम्प्युटरवर लावला आणि पेनानं दाखवलं. "मॅडम, दात काढला की खालचं हाडपण झिजतं. हे बघा, किती खाली गेलंय. आता डावीकडे इम्प्लांट बसवले नाहीत तर सगळा भार उजवीकडेच येईल. ती बाजूपण जाईल."

मी दातासाठी गेले होते, आणि हा माणूस हाडाबद्दल बोलत होता. जबडा झिजतो हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दाढा काढल्या तेव्हा याच डॉक्टरांनी "काही फरक पडत नाही" म्हणून सांगितलं होतं. मी त्यांना तिथेच त्याची आठवण करून दिली. ते हसले. इथून माझा राग सुरू झाला, आणि तो अजून चालू आहे.

घरी येऊन सांगितलं तर माझे पती प्रमोद म्हणाले, "कवळी नाही का बसत?" पन्नाशीच्या बायकोला कवळी सुचवणारा हा माणूस स्वतःच्या मोटारसायकलीचं तेल मात्र वेळेवर बदलतो.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. आमचं गाव मूर्तिजापूरकडे, पण मामंजी गेल्यापासून त्या बहुतेक आमच्याकडेच असतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "जित्या मानसाच्या हाडात इस्क्रू?"

"हो आत्याबाई."

"आन् नाई धरला त मंग?"

डावीकडचे स्क्रू धरले नाहीत आणि उजवीकडची बाजूही गेली, तर उरलेलं आयुष्य पातळ भातावर आणि वरणावर काढायचं, एवढंच मला कळत होतं. आमच्याकडे ज्वारीची भाकर आणि ठेचा हे जेवण असतं, बाकीचं त्याच्यासोबतचं असतं. मी रात्रभर तळमळले.

सकाळी उठले तर आत्याबाई अंघोळ करून देवघरापुढे उभ्या. मारोतीला मोठ्यानं सांगत होत्या, "सुनेचे दात पक्के होऊ दे बापा. तुह्या पारावर रोडगे करीन. पयला घास तिच्याच हातानं, तिच्याच दातानं."

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर, निखाऱ्यांवर, भाजलेले कणकेचे जाड गोळे. आतून पदर सुटलेले, बाहेरून असे कडक की आधी बत्त्यानं फोडावे लागतात. म्हणजे नवस दातांचा आणि फेड रोडग्यांची. मला त्यात त्या दिवशी काहीही खटकलं नाही. आमच्याकडे मूल पास झालं तरी रोडगे, बोअरला पाणी लागलं तरी रोडगे. दातांसाठी वेगळं काही करावं असं कुणाला सुचणार होतं?

नागपूरचे सर

आमच्या डॉक्टरांना इम्प्लांट बसवता येत नाही. ते बसवणारे सर नागपूरहून येतात, एक शनिवार सोडून एक. हे मला चिरफाडीच्या दिवशी दवाखान्यात बाकावर बसल्यावर कळलं. बाकावर माझ्यासारखे बरेच होते. सर रिक्षातून उतरले, हात धुतले आणि एकेकाला आत घेऊ लागले. हात हलका होता, बोलणं गोड होतं, ते नाकारत नाही. पण संध्याकाळची गाडी धरायची असलेला माणूस ओळखू येतो.

दुखलं नाही. सुईनं जबडा मेल्यासारखा झाला होता. पण आवाज येतो. भिंतीत ड्रिल मारतात तो आवाज बाहेरून कानात येतो, हा आतून येतो. डोकंच भिंत झालेलं असतं. मी खुर्चीचा हात धरून ठेवला आणि सगळ्या वर्गाची हजेरी मनातल्या मनात घेतली. अर्धी हजेरी झाली तेव्हा पहिला स्क्रू बसला होता.

दोन्ही झाल्यावर सर म्हणाले, "एकदम मस्त," आणि पुढचा पेशंट आत आला. काय करायचं, काय टाळायचं, हे मला बाहेरच्या काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं. माझा गाल बधिर, तोंडात कापूस, ओठ कुठे आहे ते कळत नव्हतं, आणि ती एकीकडे फोनवर दुसऱ्याला वेळ देत मला सांगत होती: "आज गरम खायचं नाही, थुंकायचं नाही, चूळ जोरात भरायची नाही. चावायचं नाही. टाके निघेपर्यंत जपा."

टाके निघेपर्यंत. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

गाल

आता तुम्हाला काय काय होईल ते सांगते. सुईचा असर उतरला की दुखतं, पण गोळीनं थांबतं. लाळ लालसर येते. ती उशीवर सांडते आणि सकाळी घरातले घाबरतात. सूज पहिल्या दिवशी फार नसते, म्हणून तुम्ही खूश होता. मग ती चढते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आरशात तुम्हाला एका गालात लिंबू धरलेली बाई दिसते. मग गाल निळा होतो, हिरवा होतो, पिवळा होतो. हे सगळं होतंच, आणि उतरतंही. उतरायच्या वेळी उलट वाढायला लागलं, ठणकायला लागलं, ताप आला किंवा ओठ बधिरच राहिला, तर लगेच फोन करा. डॉक्टर वैतागले तर वैतागू द्या.

सूज आणि दुखणं मी सोसलं. माणसं सोसवेनात.

मी रजा टाकली तर मुख्याध्यापकांनी फोनवर विचारलं, "मॅडम, दातासाठी मेडिकल?" शेजारच्या वहिनी बघायला आल्या आणि माझा गाल बघून प्रमोदना म्हणाल्या, "भाऊजी, काही भांडण तं नाही ना झालं?" आणि स्वतःच खळखळून हसल्या. एका नातेवाइकांनी दाढेखाली तंबाखूची चिमूट धरायला सांगितली. टाके घातलेल्या जागी, तंबाखू. मला बोलता येत नव्हतं म्हणून ते वाचले.

आणि स्वयंपाक माझाच. मला चावता येत नाही याचा अर्थ घरच्यांना भूक लागत नाही असा नव्हता. वांग्याच्या भाजीला फोडणी दिली तेव्हा त्या वासानं माझ्या तोंडात पाणी सुटलं, टाके ओढले गेले, आणि मी कढईसमोर उभी राहून रडले. प्रमोद आत आले, "काय झालं?" म्हणाले. मी झारा त्यांच्या हातात दिला आणि जाऊन झोपले. त्या दिवशीची भाजी करपली. ती त्यांनी मुकाट्यानं खाल्ली. रात्री मात्र बर्फाची पिशवी रुमालात गुंडाळून त्यांनी माझ्या गालाला धरून ठेवली, माझा डोळा लागेपर्यंत. हेही लिहायला हवं.

अमरावतीहून ताई आली, माझी मोठी बहीण. बडनेऱ्याहून गाडी धरून आली आणि पिशवीतून स्वतःचा मिक्सर काढला.

"ताई, आमच्याकडे मिक्सर आहे ना," मी कशीबशी म्हटलं.

"तुह्या मिक्सरमधी सगळ्या घराचं वाटण होते. हा तुह्याच एकटीचा. याले कोनी हात लावाचा नाई."

तिनं मुगाचं कढण केलं, ज्वारीच्या पिठाचं अंबील केलं, पिकलेली केळी दुधात फिरवून दिली. मग दाराशी उभी राहून प्रमोदना म्हणाली, "जवाईबापू, तोंडाचं हाड कोरलं हाय तिचं. पाय मोडला असता त सैपाक कराले लावला असता का तुमी?" दुसऱ्या दिवसापासून पोळ्यांना एक बाई यायला लागली. एवढी साधी गोष्ट करायला अमरावतीहून माणूस यावा लागला.

पार

टाके निघाले. ते आमच्याच डॉक्टरांनी काढले, सर नागपुरात होते. डॉक्टर म्हणाले, "एकदम छान भरलंय. आता काही काळजी नाही." आत्याबाई सोबत होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि रिक्षातच शनिवार ठरवला.

मला थोडी धाकधूक होती. म्हणून मी फोन करून विचारलं, रोडगा खाल्ला तर चालेल का? काउंटरवरच्या मुलीनं डॉक्टरांना विचारलं. मागून त्यांचा आवाज ऐकू आला, "सांग, थोडंफार खायला हरकत नाही." तिनं मला तेच सांगितलं. खाऊ का विचारलं तेव्हा त्यांनी रोडगा डोळ्यांपुढे आणला नाही, आणि थोडंफार म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

गावच्या पारावर सगळं घराणं जमलं. पुरुषांनी गोवऱ्यांचा आर केला, रोडगे त्यात पुरले, बायकांनी वांग्याची भाजी आणि वरण चढवलं. थंडी होती, उन्हाची ऊब होती, आणि बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली होती. मी आनंदात होते, खोटं कशाला सांगू.

निवद दाखवला. राख झटकून एक रोडगा आत्याबाईंनी फोडला आणि वरचा खरपूस तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो वरणात बुडवायला गेले तर त्यांनी हात धरला. "नवसाचा घास कोरडा खाव लागते."

मी तो उजव्या बाजूनं चावला. सगळे बघत होते. आत्याबाईही बघत होत्या, माझ्या जबड्याकडे.

"त्या बाजूनं काहून खाऊन राहिली वं? ज्या बाजूसाठी बोलली, त्या बाजूनं खाय ना."

मी तुकडा डावीकडे घेतला. दोन्ही स्क्रूंवर सरांनी धातूच्या टोप्या बसवल्या होत्या, हिरडीतून वर आलेल्या; त्यांच्यावर तो ठेवला आणि दाबला. करकर आवाज झाला. दुखलं नाही, जराही नाही. आत्याबाईंनी दोन्ही हात जोडले आणि बायकांनी "झालं, झालं" म्हणत पंगत बसवली. मी आणखी दोन रोडगे खाल्ले, डाव्या बाजूनं.

दुखलं नाही, हेच तर वाईट झालं. दुखलं असतं तर थांबले असते.

तीन महिने

काही आठवड्यांनी शाळेत फळ्यावर लिहिताना जिभेला एक टोपी हलल्यासारखी वाटली. पुन्हा जीभ लावली, पुन्हा हलली. मी खडू ठेवला आणि मुलांना धडा मनात वाचायला सांगितला.

नागपूरच्या सरांच्या पुढच्या शनिवारी मी पहिल्या नंबरला जाऊन बसले. त्यांनी तोंडात बघितलं, चिमटा लावला, आणि मागचा स्क्रू दोन बोटांनी फिरवून बाहेर काढला. बाटलीचं झाकण निघावं तसा निघाला. मला काही जाणवलंही नाही. त्यांनी तो ताटलीत ठेवला. टण्ण वाजलं.

"हाडानं धरला नाही. पुढचा अजून ठीक वाटतोय, पण बघावं लागेल. कडक काही खाल्लं होतं का?"

"रोडगा."

त्यांचे हात थांबले. "मॅडम, तीन महिने त्या बाजूनं चावायचंच नसतं. हाड स्क्रूला धरायला तेवढा वेळ लागतो. टाके निघणं म्हणजे वरची कातडी भरणं. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं?"

ते आमच्या डॉक्टरांकडे बघायला लागले. डॉक्टर दाराकडे बघायला लागले, जिथे काउंटरवरची ती मुलगी उभी होती. ती खाली बघायला लागली.

मी उठून बसले. गळ्यात तो कागदी रुमाल तसाच होता.

"तिच्याकडे बघू नका," मी म्हटलं. "तिला तुम्ही जेवढं सांगायला सांगितलं तेवढं तिनं सांगितलं. सर, तुम्ही माझ्या हाडाला भोक पाडलंत आणि गाडी पकडायला गेलात. आणि डॉक्टर, तुम्ही म्हणालात काळजी नाही. मी फोन करून विचारलं, नाव घेऊन विचारलं, रोडगा खाऊ का. अकोल्यात दवाखाना चालवता आणि रोडगा काय असतो ते तुम्हाला माहीत नाही?"

बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघत होती. मी त्यांच्याकडे वळून सांगितलं, "तीन महिने. टाके निघेपर्यंत नाही. तीन महिने. उठायच्या आधी यांच्याच तोंडून ऐकून घ्या."

मग सर माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि जे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं ते सगळं सांगितलं. सावकाश, नीट. त्या दिवशी त्यांची गाडी चुकली असेल तर मला त्याचं काहीही वाटत नाही.

आत्याबाई

रिक्षात प्रमोद म्हणाले, "आईले काही बोलू नको. म्हातारं माणूस आहे."

मी बोलले. घरात पाय ठेवल्या ठेवल्या बोलले. आत्याबाई, तुम्ही हट्ट केला नसता तर माझा स्क्रू वाचला असता. कोरडा खा, त्याच बाजूनं खा, हे तुम्हीच म्हणालात. मी उजव्या बाजूनं खाल्लं असतं तर तुमच्या मारोतीचं काय बिघडलं असतं? असं बरंच काही. आवाज वाढला होता. प्रमोद मध्ये पडायला आले तर त्यांनाही ऐकवलं.

आत्याबाई पलंगावर पाय खाली सोडून बसल्या होत्या. माझं संपेपर्यंत थांबल्या.

"मले पाहाचं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कोरडा रोडगा चावतानी पाहाचं होतं तुले. माहे त केवाच गेले. दुखले का पाडत गेली, दुखले का पाडत गेली. वरनात भिजू घालून खातो, चावत नाई, गियतो. मले वाटलं, घरातल्या एका बाईले तरी जमलं."

मला त्या पाराची पंगत आठवली. माझ्या शेजारीच त्या बसल्या होत्या. त्यांच्या ताटात रोडग्याचा काला होता, वरणात कालवलेला, लहान मुलाला देतात तसा. मी इतकी वर्षं या घरात आहे, त्यांना ताट मीच वाढते. त्या हळू जेवतात, एवढंच मला माहीत होतं.

माझा राग गेला नाही. रोडग्याचा राग मला आजही आहे आणि तो मी त्यांना अधूनमधून बोलूनही दाखवते. पण त्या रात्री मी प्रमोदना विचारलं, तुमच्या आईला दात नाहीत हे तुम्हाला माहीत होतं का? ते म्हणाले, "असतील ना थोडे." मग कूस बदलून झोपले.

खुर्ची

पुढचा स्क्रू हाडानं धरला. त्यावर दात बसला आहे आणि तो माझा वाटायलाही लागला आहे. मागचा स्क्रू, हाड भरून आल्यावर, पुन्हा बसवला. त्याचे तीन महिने अजून चालू आहेत, आणि ताईचा मिक्सर अजून आमच्याकडेच आहे. आत्याबाईंनी नवीन नवस बोलला नाही. मीच सांगितलं, आता बोलायचाच तर पहिला घास तुमचा.

गेल्या शनिवारी मी त्यांना सोबत नेलं. प्रमोदनाही नेलं, सुट्टी घ्यायला लावून. माझं बघून झाल्यावर मी खुर्चीवरून उतरले आणि सरांना म्हटलं, आता यांचं बघा. आत्याबाई नको नको म्हणत खुर्चीत बसल्या. पदर नीट केला, चपला खुर्चीखाली जोडून ठेवल्या.

"आजी, किती वर्षांपासून त्रास आहे?" सरांनी विचारलं.

"तरास कायचा," आत्याबाई म्हणाल्या. "दाताचं काय आजारपन असते?"

सुरुवातीला म्हटलं ना, असं म्हणणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत. त्यांचं नाव त्यात पहिलं होतं.

सरांनी दिवा खाली ओढला आणि तोंड उघडायला सांगितलं. प्रमोद कोपऱ्यातल्या खुर्चीत मोबाइल बघत बसले होते.

"तो मोबाइल ठेवा," मी म्हटलं, "आणि इकडे येऊन तुमच्या आईच्या तोंडात बघा."

ते उठले, आले आणि वाकून त्यांनी बघितलं.